करमळीहून पणजीला

पणजी शहराला रेल्वे स्थानक नाही. मुंबईहून कोकण रेल्वेने येणाऱ्याला पणजीसाठी करमळीला उतरावे लागते आणि तिथून गोव्याच्या राजधानीपर्यंतचे सुमारे अकरा-बारा किलोमीटर अंतर रस्त्याने कापावे लागते. बहुतेक प्रवासी स्थानकाबाहेर टॅक्सी धरतात, कदंब पठारावरच्या रुंद रस्त्याने सरळ शहरात जातात आणि हे अंतर प्रवासात जमेसही धरत नाहीत. माझे मत वेगळे आहे. गोव्याची राजधानी अडीचशे वर्षांपूर्वी ज्या वाटेने जुन्या शहरातून नव्या शहरात गेली, ती वाट करमळी स्थानकापासून हाकेच्या अंतरावर सुरू होते. पणजी पहिल्यांदा पाहणाऱ्याने त्याच वाटेने, जुने गोवे आणि रायबंदर करत, शहरात शिरावे असे मला मनापासून वाटते, कारण पणजी कशातून घडली हे त्या रस्त्यावर जितके स्पष्ट दिसते तितके खुद्द पणजीत दिसत नाही.

रेल्वे येण्याच्या आधी पणजीत पोहोचण्याची रीत अगदी निराळी होती. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट कोकणातली बंदरे घेत मांडवीच्या मुखातून आत येई, डाव्या हाताला आग्वादचा किल्ला मागे टाकी आणि प्रवाशांना थेट शहरासमोरच्या धक्क्यावर उतरवी. तेव्हा पणजी पाहुण्याला समोरून, नदीच्या बाजूने भेटत असे, आणि शहराची रचनाही त्याच हिशेबाने झालेली होती: नदीकाठी राजवाडा, शेजारी सरकारी कचेऱ्या आणि त्यांच्या मागे टेकडीच्या पायथ्याशी वस्ती. पोर्तुगीज काळातच, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, मुरगाव बंदरापासून घाट चढून कॅसलरॉककडे जाणारा लोहमार्ग झाला, पण तो मुरगाव, वास्को आणि मडगावच्या कामाचा होता. पणजी त्यापासून दूरच राहिली. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी हा प्रश्न लावून धरलेला होता आणि ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली काम सुरू झाले. गोव्यात मात्र मार्ग कुठून न्यावा यावरून मोठा वाद पेटला. खाजन शेतीची, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या शेतजमिनीची, नासाडी होईल आणि जुन्या गोव्याच्या वारशाला धक्का पोहोचेल अशी अनेकांची रास्त भीती होती. पणजीजवळ मांडवीचे पात्र समुद्राच्या तोंडाशी रुंद होत जाते आणि भोवती खाड्या व दलदल आहे. मार्ग त्यामुळे बराच आतून, जुन्या गोव्याच्या मागच्या अंगाने गेला. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला आणि पणजीच्या वाट्याला करमळी आली.

या निर्णयाने नकळत एक गोष्ट घडवली. नदीकडून येणारा पाहुणा आता जमिनीकडून येऊ लागला आणि शहराच्या आधी त्याच्या वाटेत शहराचा इतिहास आला.

थिवी सोडली की गाडी मांडवी ओलांडते आणि थोड्याच वेळात करमळीचे फलाट येतात. रात्री मुंबईहून निघालेली कोकणकन्या इथे सकाळी येते. २०१७ मध्ये सुरू झालेली तेजस एक्स्प्रेस तर सुरुवातीला मुंबईहून करमळीपर्यंतच धावत असे. स्थानकाजवळच करमळीचे तळे आहे. भातशेतीला पाणी मिळावे म्हणून गावाने पूर्वी बांधून राखलेले हे तळे पक्ष्यांसाठी गोव्याबाहेरही प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात अडई बदकांचे थवे, जांभळ्या पाणकोंबड्या आणि पाणवनस्पतींच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी इथे दिसतात. ज्यांच्याकडे सामान थोडे आहे आणि घाई नाही त्यांनी तळ्याच्या काठाने थोडे चालून यावे. याच गावात कधीकाळी ब्रह्मदेवाचे मंदिर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी मंदिरे पाडायला सुरुवात केली तेव्हा भक्तांनी मूर्ती उचलून पार सत्तरी तालुक्यात नेली, आणि जिथे ती स्थापन झाली त्या गावाला आज ब्रह्मकरमळी म्हणतात. मांडवीच्या पलीकडे नार्वे येथे असलेल्या सप्तकोटेश्वराचीही कथा अशीच आहे. मूळचे देऊळ जुन्या गोव्यासमोरच्या दिवाडी बेटावरचे; ते उद्ध्वस्त झाल्यावर देव नार्व्याला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. या परिसरात देवांनी आधी घरे बदलली, राजधानीने नंतर.

स्थानकाच्या बाहेर टॅक्सी आणि रिक्षा असतात, आणि पायलटही भेटतो. मोटारसायकलवर मागे बसवून प्रवाशाला इच्छित स्थळी पोहोचवणाऱ्याला गोव्यात पायलट म्हणतात. त्याच्या गाडीचा मडगार्ड पिवळा असतो, तीच त्याची ओळख. एकट्याने आणि पाठीवरच्या एका पिशवीनिशी प्रवास करणाऱ्यासाठी यापेक्षा सोयीचे वाहन नाही. पैसे आधी ठरवून घ्यावेत, म्हणजे दोन्ही बाजूंना बरे. बस मात्र गाडीच्या वेळेला जुळून दाराशी उभी असेलच याची खात्री देता येत नाही. माझी रीत अशी की, रिक्षाने किंवा पायलटच्या मागे बसून जुन्या गोव्यापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर गाठायचे आणि पुढे पणजीची बस पकडायची. जुन्या गोव्यातून पणजीला बसगाड्या दिवसभर सुटत असतात. त्यातल्या काही पठारावरून जातात, म्हणून चढण्यापूर्वी ‘रायबंदरवरून जाते का?’ एवढे कंडक्टरला विचारावे.

जुन्या गोव्यात लोक चर्च पाहायला जातात आणि ते योग्यच आहे, कारण १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या या वास्तू खरोखर भव्य आहेत. मला मात्र तिथे त्या वास्तूंच्या मधली मोकळी जागा अधिक अस्वस्थ करते. से कॅथेड्रल आणि बासिलिका बॉम जेझुस यांच्या मधून जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंची हिरवळ, नारळाची झाडे, यांकडे पाहताना इथे दाट वस्तीचे, बाजारपेठांचे, जहाजांच्या मालाने भरलेल्या वखारींचे शहर होते हे डोळ्यांना पटत नाही. आदिलशाहीच्या काळात हे एला नावाचे भरभराटीचे बंदर होते. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोन्सो द आल्बुकेर्कने ते निर्णायकपणे जिंकले आणि पुढच्या शंभर वर्षांत ते पोर्तुगालच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी म्हणून वाढले. ज्याने गोवा पाहिला त्याने लिस्बन पाहण्याची गरज नाही, असे पोर्तुगीज म्हणत. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये इथल्याच सेंट पॉल महाविद्यालयात सुरू झाला. त्या महाविद्यालयाची आता फक्त एक कमान उभी आहे. गार्सिया द ओर्ता हा वैद्य इथेच राहून भारतीय वनौषधींवर लिहीत होता आणि त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये इथेच छापला गेला. तो ज्यू वंशाचा असल्याने त्याच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडे उकरून जाळली. या शहराच्या वैभवाबद्दल बोलताना हे विसरून चालणार नाही.

शहर मेले ते मुख्यतः आजारांनी. पटकी आणि हिवतापाच्या साथी पुन्हा पुन्हा आल्या. सच्छिद्र जमिनीतून सांडपाणी विहिरींत झिरपत असे आणि दाट वस्तीत त्यावर उपाय नव्हता. डचांनी समुद्रात कोंडी केल्याने व्यापारही खालावला. त्यात १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या सैन्याने जुन्या गोव्याच्या अगदी जवळचे जुवे बेट घेतले, तेव्हा राजधानीत एवढी घबराट पसरली की व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने बासिलिकातल्या सेंट फ्रान्सिस झेव्हियरच्या शवपेटीजवळ आपला अधिकारदंड ठेवून संताची करुणा भाकली. त्यानंतर लगेचच राजधानी मुरगावला हलवण्याचा घाट घातला गेला, पण तो तडीस गेला नाही. मराठी वाचकाने बासिलिकामध्ये उभे असताना ही घटना आठवावी. त्या वास्तूच्या उघड्या जांभ्या दगडाच्या भिंतींकडे पाहत असताना सोबतचे वाटाडे झेव्हियरच्या चमत्कारांबद्दल पुष्कळ सांगतात. आपल्या इतिहासाचा हा धागा तिथे क्वचितच कोणी सांगतो.

मुरगाव जमले नाही, तेव्हा राजधानी पश्चिमेकडे सरकू लागली. १६९५ मध्ये व्हाइसरॉयने साथींना कंटाळून आपला मुक्काम जुन्या शहराबाहेर, पाणेली येथे हलवला. हे ठिकाण जुने गोवे आणि रायबंदर यांच्या मधे, आजच्या बसच्या वाटेवरच आहे. १७५९ मध्ये तो तिथूनही उठला आणि पणजीला आदिलशहाच्या जुन्या वाड्यात राहायला गेला. २२ मार्च १८४३ रोजी पणजीला ‘नोव्हा गोवा’ या नावाने शहराचा आणि राजधानीचा दर्जा अधिकृतपणे मिळाला. म्हणजे बस ज्या अंतराला अर्धा तासही घेत नाही, ते कापायला राजधानीला जवळपास दीडशे वर्षे लागली. आणि ती रिकाम्या हाताने गेली नाही. जुन्या गोव्यातल्या इमारती पाडून त्यांचा दगड नव्या शहराच्या बांधकामासाठी नेण्यात आला. १८३५ मध्ये धार्मिक पंथांवर बंदी आली आणि मठ ओस पडले. ऑगस्टिनियन पंथीयांच्या मठाचे छत १८४२ मध्ये कोसळले. टेकडीवर त्याच्या उंच मनोऱ्याचा उरलेला भाग आजही उभा आहे. जुन्या गोव्याचे ओसाडपण मला याच दृष्टीने समजते. ते शहर उचलून नेलेले आहे, आणि जिथे ते नेले तिथे आपण आता निघालो आहोत.

जुने गोवे सोडून रायबंदरच्या रस्त्याला लागले की उजव्या हाताला मांडवी सुरू होते आणि पणजीपर्यंत ती सोबत सोडत नाही. नदीपलीकडे आधी दिवाडी आणि मग चोडण ही बेटे दिसतात. रायबंदरचा रस्ता अरुंद, वळणांचा, दोन्ही बाजूंना कौलारू घरे आणि त्यांची रस्त्यापर्यंत आलेली पायऱ्या-ओसऱ्यांची दर्शनी बाजू. समोरून दुसरी बस आली की एकीला थांबावे लागते. पठारावरचा रस्ता झाला नसता तर या गावाचे काय झाले असते याची कल्पना करवत नाही. जड वाहतूक तिकडे गेली म्हणूनच रायबंदरची घरे शाबूत आहेत, आणि त्याबद्दल मी त्या रस्त्याचा ऋणी आहे. रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणची फेरीबोट सुटते. पायी प्रवाशाला तिचे भाडे नाही. चोडण बेटाच्या टोकाला खारफुटीत डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. ज्यांना करमळीच्या तळ्यावर थांबता आले नसेल त्यांनी इथे उतरून ती कसर भरून काढावी.

रायबंदर संपते आणि समोर सरळसोट रस्ता येतो. हा या प्रवासातला सर्वांत विलक्षण भाग आहे आणि नेमका त्याच्याकडेच कोणी पाहत नाही. रायबंदर आणि पणजी यांच्या मधे पूर्वी दलदल होती; भरतीला पाणी आत येई आणि ओहोटीला चिखल उरे. १६३३-३४ मध्ये, कोंद द लिन्यारिश व्हाइसरॉय असताना, या दलदलीवर जांभ्या दगडाचा सुमारे ३.२ किलोमीटर लांबीचा बांधरस्ता उभारला गेला. खालून भरती-ओहोटीचे पाणी जावे म्हणून त्याला कमानी ठेवलेल्या आहेत. त्या काळी हे एक अचाट काम होते, आणि आज जवळपास चारशे वर्षांनंतरही आपली बस त्याच बांधावरून जाते. तेव्हा पणजी हे वाड्याभोवतीचे लहानसे गाव होते. राजधानी तिथे जाईल असे कोणाच्या मनातही नसेल. पण रस्ता आधी झाला आणि सव्वाशे वर्षांनी सत्ता त्याच रस्त्याने निघून गेली. हा बांधरस्ता नसता तर राजधानी पणजीला गेली असती का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. जाणे अशक्य नव्हते, नदी होतीच. पण दगड, मनुष्यबळ आणि रोजचा कारभार हलवायला पायाखाली पक्की जमीन लागते, आणि ती या बांधाने दिली, असे मला वाटते.

या रस्त्यावर बसच्या डाव्या बाजूच्या खिडकीशी बसावे. त्या बाजूला खाजन जमीन आणि मिठागरे आहेत. नदीच्या खाऱ्या पाण्यापासून शेत राखण्यासाठी बांध घालायचे, बांधाला मानस म्हणजे लाकडी झडपांचे दार ठेवायचे, आणि भरती-ओहोटीप्रमाणे पाणी आत-बाहेर खेळवायचे, ही गोव्याची फार जुनी विद्या आहे. हिवाळा सरताना आखीव कप्प्यांत पाणी घेतले जाते आणि उन्हाळ्यात काठावर मिठाचे पांढरे ढीग दिसू लागतात. पूर्वीच्या मानाने मिठागरे कमी झाली आहेत आणि सोडून दिलेल्या कप्प्यांत खारफुटी वाढली आहे. खारफुटी वाईट नाही, तिच्यामुळे काठ टिकतो. पण मीठ पिकवणारा माणूस या दृश्यातून निघून जाऊ नये असे मला फार वाटते. रेल्वेच्या मार्गावरून जो वाद झाला तोही मुळात याच जमिनीसाठी होता, हे इथून जाताना समजते. बांध एकदा फुटला आणि वेळेत बुजवला नाही, तर खारे पाणी आत शिरते आणि ते शेत बरीच वर्षे हातचे जाते. उजवीकडे नदीत, पणजी जवळ येऊ लागली की, कॅसिनोची जहाजे दिसू लागतात. ती तिथे नसावीत, एवढेच मी त्यांच्याबद्दल म्हणेन.

बांधरस्ता पाटो येथे संपतो. कदंब महामंडळाचे मुख्य बसस्थानक इथेच आहे आणि मांडवीवरचे पूलही इथूनच जवळ सुरू होतात. १९७० चा पहिला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला तेव्हा उत्तर गोव्याशी असलेला पणजीचा हा रस्ता तुटला होता आणि शहराला पुन्हा फेरीबोटींवर विसंबावे लागले होते. पाटोच्या पुढे ओरेंची खाडी आडवी येते. इथून पुढे वाहन करू नये. खाडीवरचा छोटा पूल पायी ओलांडला की समोर पणजीचे जुने अंग सुरू होते: फोंतेन्हास आणि त्याला लागून असलेला मळा. पिवळ्या, निळ्या, तांबड्या रंगांची घरे, लोखंडी कठड्यांचे सज्जे, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या. लोक इथे छायाचित्रे काढायला येतात आणि घरांत राहणाऱ्यांना त्याचा जाच होतो. दारात उभे राहून छायाचित्र काढण्यापूर्वी निदान दाराआड माणसे राहतात हे लक्षात ठेवावे.

फोंतेन्हासच्या गल्लीच्या टोकाला सेंट सेबॅस्टियनचे छोटे प्रार्थनागृह आहे. त्यातला क्रूस मूळचा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातला. १८१२ मध्ये इन्क्विझिशन कायमचे बंद झाल्यावर तो पणजीच्या राजवाड्यात आला आणि पुढे या प्रार्थनागृहात. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. तिथून चढाच्या रस्त्याने दहा-पंधरा मिनिटे चालले की पणजीचे प्रसिद्ध पांढरे चर्च आणि त्याच्या नागमोडी पायऱ्या येतात. या चर्चच्या वरच्या कमानीत टांगलेली प्रचंड घंटा जुन्या गोव्यातल्या त्याच ऑगस्टिनियन मनोऱ्यावरची आहे. मठ मोडल्यावर ती काही काळ आग्वादच्या किल्ल्यावर होती आणि १८७१ मध्ये इथे चढवण्यात आली. पायऱ्यांच्या समोर, रस्त्यापलीकडे, नगरपालिकेचे जुने उद्यान आहे. त्याला गार्सिया द ओर्ताचे नाव आहे. ज्या माणसाची हाडेसुद्धा जुन्या राजधानीने शिल्लक ठेवली नाहीत, त्याचे नाव नव्या राजधानीने आपल्या मध्यभागी कोरले, हे मला या शहराबद्दल आदर वाटण्याचे एक मोठे कारण आहे. आणखी थोडे पुढे, टेकडीच्या बाजूला, महालक्ष्मीचे मंदिर आहे. १८१८ मध्ये पणजीत हिंदूंना मंदिर बांधण्याची परवानगी मिळाली ती पहिल्यांदा याच मंदिरासाठी. सकाळी करमळीला उतरल्यावर ब्रह्मदेवाचे रिकामे गाव पाहिलेल्या माणसाला त्या परवानगीची किंमत निराळी सांगावी लागत नाही.

एक मागणी मात्र मला करावीशी वाटते. करमळीला थांबणाऱ्या प्रत्येक मोठ्या गाडीच्या वेळेला जुळणारी, जुने गोवे आणि रायबंदरवरून पाटोला जाणारी एक साधी बस असावी. अंतर थोडे आहे, रस्ता तयार आहे, प्रवासी आहेतच. आज सामान, लहान मुले किंवा वृद्ध आईवडील सोबत असलेल्या कुटुंबाला टॅक्सीवाचून इलाज उरत नाही आणि टॅक्सी साहजिकच जवळच्या, पठारावरच्या रस्त्याने जाते. टॅक्सीने जायचेच असेल तर बसण्यापूर्वी ‘रायबंदरवरून चला’ असे सांगावे आणि भाडे त्याप्रमाणे ठरवावे. ३ डिसेंबरच्या झेव्हियरच्या फेस्तासाठी, म्हणजे उत्सवासाठी, आणि त्याआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांसाठी जुन्या गोव्यात मोठी गर्दी उसळते. त्या दिवसांत या रस्त्यावर वेळेचा हिशेब धरू नये. परतीची गाडी पकडायची असेल तर मात्र संध्याकाळची वर्दळ लक्षात घेऊन पाटोहून तास-सव्वा तास आधी निघावे आणि सरळ कदंब पठाराच्या रस्त्याने करमळी गाठावी.